कूलर बंद करून वाजवलेलं जग

दादा, आज जयस्वाल शेठ येऊन गेले. तेरवीला आले होते तेव्हा काही बोलले नाहीत. जेवले, तुझ्या फोटोला हात जोडले आणि गेले. आज मात्र चपला काढायच्या आधीच त्यांनी विषय काढला. "मॅडम, भैयाजीची कॅसेट आपण काढू. मी जुबान दिली होती त्यांले. पण पीछे जी टेप खाली हाय नं, तिथी एखादी फिल्मी धून टाकून द्या. टेप खाली निघाली का गिऱ्हाईक दुकानात आणून आपटते. म्हणते खराब माल दिला."

मी चहा टाकला, त्यांनी घेतला, आणि उद्या टेप नेऊन देते असं मी कबूल करून बसले. आता घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. बसावंसं वाटत नाही, बसले की उठावंसं वाटतं. तू गेल्यावर लोक म्हणाले, शाळेला थोडे दिवस सुट्टी टाक. टाकली. पण सुट्टीचं करायचं काय, ते कुणी सांगितलं नाही. तुझ्या यंत्रावरची चादर काढते, पुन्हा घालते. टेपच्या त्या शेवटच्या कोऱ्या तुकड्याचं काय करायचं, यावरून आपलं भांडण झालं होतं आणि ते मिटलं नव्हतं. मिटवायचं सोडून तू निघून गेलास. हा काय न्याय झाला?

यंत्र म्हणते मी. आईसाठी ती 'पेटी' होती आणि खालच्या भांड्यांच्या दुकानातल्या लोकांसाठी 'भूतपेटी'. जुन्या हार्मोनियमच्या पट्ट्या, बंद पडलेल्या रेडिओंचं पोटातलं सामान, बटणं, वायरींचा गुंता. दिवसभर सीताबर्डीच्या दुकानात लोकांचे रेडिओ बरे करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन जे बरे होण्यातले नव्हते त्यांना गायला लावायचं, असा तुझा उद्योग. पट्टी दाबली की आधी कुत्र्याचं पिल्लू विव्हळल्यासारखा आवाज यायचा. मग तू बटण फिरवायचास आणि त्याच आवाजाचं काहीतरी भलतंच व्हायचं. अंगावर काटा यायचा, हे खरं. पण मी तुला तसं कधी म्हटलं नाही. मी म्हणायचे, "दादा, हे बंद कर, शेजारी झाडफूक करणाऱ्या बाबाले बोलावून आणतीन."

बाहेरचा कुणी आला की तुझी पद्धत बघून चाट पडायचा. बाजारातली शटरं पडली, हातगाड्या थांबल्या की तू शॉर्टवेव्हवर बातम्या लावायचास. कधी लंडन, कधी मॉस्को, कधी आपल्या दिल्लीच्या. बातम्या संपल्या की रेडिओ बंद, आणि त्यानंतर घरात कुणी एक अक्षर बोलायचं नाही. आधी वाजवायचं. जे हाताला येईल ते. पहिला सूर लागेपर्यंत आईनं भांडंसुद्धा वाजवायचं नाही. "बोललो का बातमी तोंडातून निघून जाते," असं तू म्हणायचास. "हातात उतराले पाहिजे थे." आणि टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबायच्या आधी तुझा हुकूम सुटायचा, "कूलर बंद कर वं, शालू!"

कारण थेट वायर जोडली की टेपवर भोंगा यायचा, म्हणून स्पीकरपुढे माइक ठेवावा लागायचा, आणि माइकला कूलर ऐकू यायचा. एवढंच असतं तरी चाललं असतं. आवाज घुमायला पाहिजे म्हणून तू स्पीकर आईच्या पितळी गुंडावर पालथा घालायचास. सगळ्या जगाचं दुःख आपल्या पाण्याच्या भांड्यातून घुमत बाहेर यायचं. आई दारात उभी राहून म्हणायची, "पाणी कशात भरू गा मी? तुह्या रशियात?"

वैशाखात कूलर बंद करून त्या खोलीत बसणं काय असतं हे नागपूरच्या बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. भिंती दिवसभर प्यालेलं ऊन परत ओकायला लागतात. तुझ्या हनुवटीवरून घाम पट्ट्यांवर पडायचा आणि पट्ट्या निसटायच्या. मी पाटीनं वारा घालायचे तर तू हातानं खुणावायचास, पाटीचासुद्धा आवाज होतो. म्हणूनच मी तुला पहिल्यापासून सांगत आले की तुझ्या कॅसेटमधली ही जी तगमग आहे ना, ती जगाची नाही. ती कूलर बंद असल्याची आहे. ऐकणारे म्हणतील, काय हा युगाचा अस्वस्थपणा! त्यांना काय माहीत, वाजवणारा घामोळ्यांनी हैराण झाला होता.

तू चिडायचास. "तुले काही कळत नाही. बेटं जळून राहिली तिथी."

"कोणती बेटं?"

मग मला शाळेतला नकाशा काढावा लागायचा. भूगोल शिकवते म्हणून घरात माझा तेवढाच उपयोग. इंग्लंड आणि अर्जेंटिना बेटांवरून भांडत होते त्या उन्हाळ्यात तू रोज त्या नकाशावर बोट ठेवायचास, अगदी खाली, पार टोकाला. "एवढ्याश्या जागेसाठी काहून भांडते गा माणूस?" असं कुणाला तरी विचारायचास, मला नाही. मग वाजवायचास. त्या धुनेत एकच सूर आहे, तो जातो आणि परत येतो, जहाजासारखा. मला ती आवडायची. पोळ्या लाटताना गुणगुणायचे. तुला ऐकू येत असेल, पण तू कधी त्यावरून चिडवलं नाहीस, त्याबद्दल आभार.

सगळ्यात पहिली धून स्कायलॅबची. अमेरिकेची ती आकाशातली प्रयोगशाळा पडणार, कुठं पडेल सांगता येत नाही, अशी बातमी होती. गल्लीतल्या बायका देवापुढे दिवे लावून बसल्या होत्या. कुणी पैसे उडवून टाकले, कुणी उधारी मागायची थांबवली. आणि तू रेडिओला कान लावून बसलेला. दोन स्टेशनांच्या मधे तुला एक घुमणारा आवाज सापडला. "आयक! आयक वं! हीच. खाली येऊन राहिली." तू त्या आवाजाशी आपले सूर जुळवलेस, आणि काय सुंदर जुळवलेस रे. भीती होती त्यात, आणि भीतीची मजाही होती. स्कायलॅब पडली ऑस्ट्रेलियाकडे कुठंतरी. दुसऱ्या दिवशी तोच आवाज पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही आला. मग आईनं सांगितलं, "तो मागच्या गल्लीतल्या चक्कीचा हाय. दळण चालू असलं का येते."

मी हसून हसून खाली बसले. तूही हसलास, पण धून पुसली नाहीस. म्हणालास, "भेव तर खरं होतं ना? मग झालं." यावर आपण किती वर्षं वाद घातला! मी म्हणायचे, आवाज खोटा तर धून खोटी. तू म्हणायचास, आवाज चक्कीचा असला तरी ऐकणारा कान स्कायलॅबचा होता. हे बोलणं मला तेव्हा पळवाट वाटायचं. आज ती धून लावली तर त्यात ना स्कायलॅब ऐकू आली ना चक्की. दरवाजात उभी असलेली आई ऐकू आली. टेपवर ती नाही, मला माहीत आहे.

भोपाळबद्दल मात्र मी कधी हसले नाही. त्या थंडीत तू दुकान बंद ठेवून स्टेशनवर गेला होतास. तुला तिथे कुणी बोलावलं नव्हतं, ओळखीचं कुणी येणारही नव्हतं. तिकडून येणाऱ्या गाड्यांतून डोळ्यांवर ओली फडकी धरलेली माणसं उतरत होती, एवढंच तू सांगितलंस. कुणाची तरी पेटी उचलून दिलीस, कुणाला तरी पाणी आणून दिलंस. घरी आलास, हातपाय धुतले, बातम्या ऐकल्या आणि यंत्राशी बसलास. सूर नव्हताच. रेडिओच्या दोन स्टेशनांमधली नुसती खरखर घेतलीस आणि बटण हळूहळू फिरवत ती मोठी केलीस, लहान केलीस, मोठी केलीस, लहान केलीस. श्वास. कुणीतरी झोपलं आहे आणि त्याला श्वास पुरत नाही, असं.

मी नियम मोडला. मधेच ओरडले, "बंद कर! लोकायच्या मरणावर धुना काहून बनवतं तू?"

ते टेपवर आलं. तू ते काढून टाकलं नाहीस, आणि त्यावरून मी तुझ्याशी किती दिवस बोलले नाही! जयस्वाल शेठनाही तू म्हणालास म्हणे, "थे राहू द्या. थोच खरा प्रश्न हाय." उत्तर तू कधी दिलं नाहीस. मला अजूनही वाटतं की दुसऱ्याच्या मरणाला आपण हात लावू नये. आणि हेही वाटतं की तू वाजवलं नसतंस तर मी त्या दिवशी जेवून, भांडी घासून झोपून गेले असते. दोन्ही वाटतं. तुझ्याशी भांडायला आता तू नाहीस, म्हणून दोन्ही बाजू मलाच सांभाळाव्या लागतात.

आणि मग गेल्या उन्हाळ्यातला तो तमाशा. रशियातल्या अणुभट्टीचा स्फोट, विषारी ढग, वाऱ्यानं देशोदेशी चाललेला. तू बातम्या ऐकल्यास आणि त्या दिवशी वाजवायच्या आधी उठून कूलरचा प्लगच काढलास.

"रेकॉर्डिंग हाय का?" मी विचारलं. बोलायचं नव्हतं, तरी विचारलं.

"नाही. कूलर बाहेरची हवा आत ओढते."

मी भूगोलाची बाई. तुला नकाशा दाखवला, वाऱ्याच्या दिशा दाखवल्या, मधले पहाड दाखवले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "तुह्या नकाशाले माहीत हाय, वाऱ्याले माहीत हाय का?" तो सगळा आठवडा, भर उन्हाळ्यात, आपण कूलरशिवाय काढला. खिडकीला ओली चादर, जमिनीवर पाणी शिंपडलेलं, आणि आपण दोघं भाऊबहीण भिंतीला पाठ लावून बसलेलो. गल्लीत प्रत्येकाचा कूलर घरघरतोय आणि आपल्या घरात रशियाची भीती. खालचे दुकानदार विचारायला आले, मोटर जळली का? तू म्हणालास, "हो." खरं सांगायची लाज वाटली ना तुला? मला वाटली.

पण त्या आठवड्यात तू जी धून केलीस ती सगळ्या कॅसेटमधली सगळ्यात चांगली आहे. तिच्यात काही घडतच नाही. सूर वाट पाहतात. आता काहीतरी येणार असं वाटत राहतं, आणि येत नाही, आणि दिसतही नाही. मी तेव्हा म्हटलं, "हे तर घामोळ्याचं गाणं हाय." तू पहिल्यांदाच कबूल केलंस. म्हणालास, "असन. पण घामोळं काहून आलं, थे पाय ना. तिथी फुटलं म्हणून इथी आलं." भूगोल इतकी वर्षं शिकवला, पण तिथलं इथं कसं पोचतं ते मुलींना इतक्या सोप्या शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं.

तीच शेवटची धून. तिच्यानंतर कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला थोडी टेप उरली, आणि तिच्यावरून आपलं ते भांडण.

मी म्हटलं होतं, तिथे आईची धून घाल. जगात कुठं पान हललं तरी तू वाजवलंस, दादा. आई गेली तेव्हा एक पट्टी दाबली नाहीस. मला तो दिवस लख्ख आठवतो. तिला पोचवून आलो, माणसं खाली सतरंजीवर बसलेली, आणि नेहमीच्या वेळी तू उठून रेडिओ लावलास. मावशी म्हणाली, "काय हे गा, आज तरी!" तू बातम्या ऐकत बसलास, मग यंत्रासमोर गेलास, चादर काढलीस, हात पट्ट्यांवर ठेवलेस आणि तसाच बसून राहिलास. मग चादर घातलीस. रेडिओ लावलास म्हणून सगळे चिडले होते. वाजवलं नाहीस म्हणून मी चिडले होते.

इतकी वर्षं हे पोटात होतं, ते त्या कोऱ्या टेपच्या निमित्तानं बाहेर आलं. "तुह्या ठळक बातम्यायमंधी आई बसत नाही का?" असं मी विचारलं. कॅसेटचं नाव तू 'ठळक बातम्या' ठेवायचं ठरवलं होतंस, म्हणून मुद्दाम तोच शब्द वापरला. लागावा म्हणून.

तू सोल्डरिंगची काडी खाली ठेवलीस. मग म्हणालास, "मले त्या दिवशी बातम्या ऐकूच नाही आल्या वं. रेडिओ चालू होता. ऐकू नाही आल्या."

मला तेव्हा ती सबब वाटली. मी म्हटलं, मग आता वाजव. तू म्हणालास, आता खोटं होईल. मी म्हटलं, चक्कीची स्कायलॅब चालली ती खोटी नव्हती? तू म्हणालास, "राहू दे थे टेप कोरी. उद्याच्या बातम्या यायच्या हायत." मी उठून स्वयंपाकघरात गेले. त्यानंतर आपण पुष्कळ बोललो, भाजीचं, बिलाचं, छताच्या गळतीचं. याचं नाही.

आता जयस्वाल शेठ म्हणतात, फिल्मी धून टाका.

म्हणून आज संध्याकाळी मी ठरवलं की हे आपणच करायचं. शटरं पडायची वाट पाहिली. आईचा गुंड घासूनपुसून आणला, स्पीकर त्याच्यावर पालथा घातला, माइक लावला. तुझी टेप कोरा भाग सुरू होतो तिथे आणून ठेवली. पट्ट्या कशा दाबायच्या हे मला येत नाही असं थोडंच आहे? इतकी वर्षं पाहिलंय. एक सूर तर लावता येईल. जाणारा आणि परत येणारा, जहाजासारखा. आई आणि तू, दोघांसाठी मिळून एकच.

रेडिओ लावला. बातम्या लागल्या. आखातात काहीतरी चालू होतं, तेलाच्या जहाजांचं. दिल्लीचं काहीतरी होतं. मी ऐकत होते, म्हणजे मला वाटत होतं की ऐकते आहे. निवेदक नमस्कार म्हणाला तेव्हा लक्षात आलं की मला काहीच ऐकू आलं नाही.

दादा, रेडिओ चालू होता. ऐकू आल्या नाहीत.

मी लाल बटण दाबलं. हात पट्ट्यांवर ठेवले. पट्ट्या अजून तशाच निसरड्या आहेत. दाबल्या नाहीत. दाबता आल्या नाहीत असं म्हण हवं तर. रडलेही नाही. नुसती बसले, आणि टेप फिरत राहिली, फिरत राहिली, आणि संपून खटकन थांबली. तेव्हा कुठं कळलं की काय चुकलं होतं.

कुणी हुकूम सोडला नव्हता ना. मी कूलर बंदच केला नव्हता.

टेप मागे घेऊन ऐकली. यंत्राचा एकही सूर नाही. कूलर आहे. त्याचं पातं घासतं तो आवाज आहे, जो तू येत्या इतवारी नक्की दुरुस्त करतो म्हणत होतास. वाळ्यावरून पाणी टपटपतं ते आहे. आणि गुंडानं ते सगळं आपल्या पोटात घेऊन घुमवलं आहे, त्यामुळे खोली आहे त्याहून मोठी वाटते. इतकी वर्षं या खोलीत आपण जग वाजवलं आणि या खोलीला मात्र टेपवर येऊ दिलं नाही. ती आज आली. तिच्यात बसून राहणारं कुणीतरी आहे, हे कळतं. कोण, ते कळत नाही. मी असेन. आई गेली त्या दिवशीचा तू असशील.

उद्याचं सांगून टाकते. जयस्वाल शेठ टेप शेवटापर्यंत पळवून ऐकतील आणि म्हणतील, "अरे मॅडम, ये तो कूलर हाय! रेकॉर्डिंगच्या टायमाले चालूच राहिला का?" मी हो म्हणणार आहे. म्हणणार आहे की राहू द्या, टेप कोरी नाही, भरली आहे, आणि कुणी गिऱ्हाईक परत घेऊन आलंच तर माझ्याकडे पाठवा. भांडायची सवय आहे मला, ती तूच लावलीस.

आणि तू आता घाम पूस. कूलर चालू आहे, दादा. बस निवांत.